रिकाम्या जागेचे काम

मुंबईच्या पूर्वेस ठाण्याची खाडी आहे. तिच्या काठी, सुमारे 300 मीटर उंचीच्या डोंगराच्या पायथ्याशी ट्रॉम्बे वसले आहे. कोळ्यांची येथे जुनी वस्ती आहे. 1954 साली येथे अणुशक्तीच्या संशोधनाची संस्था उभी राहिली. 1967 साली तिला भाभा अणुसंशोधन केंद्र हे नाव मिळाले. त्यामुळे ट्रॉम्बेचे नाव दूरदूरच्या देशांत पोहोचले. परंतु आकाशात ढग जमू लागले, म्हणजे येथील साध्या घरांतून राहणाऱ्या माणसांना एक फार जुना प्रश्न पडतो. भिंत कोरडी कशी ठेवावी?

मुंबईच्या उपनगरांत वर्षाकाठी सुमारे 2,400 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. 26 जुलै 2005 रोजी तर सांताक्रूझ येथे एका दिवसात 944 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. हा पाऊस सरळ वरून पडला, तर छप्पर त्याला झेलते. पण नैर्ऋत्येचा वारा जोराने वाहू लागला, की थेंब तिरपे धावतात. वाऱ्याबरोबर येणाऱ्या अशा तिरप्या पावसाला झड म्हणतात. झडीपुढे छपराचा इलाज चालत नाही. तिचा मारा भिंतीलाच सोसावा लागतो.

ट्रॉम्बेतील एका लहानशा घरात आजी, आई, वडील आणि सातवीत शिकणारा नातू अशी चार माणसे राहत असत. घराची नैर्ऋत्येकडील भिंत एका विटेच्या जाडीची, म्हणजे सुमारे 23 सेंटिमीटर जाड होती. दर आषाढात ती आतून ओली होई. प्रथम रंगाचे पापुद्रे सुटत, मग गिलाव्यावर पांढरा लोणा येई आणि श्रावणात कोपऱ्याला काळी बुरशी धरे. त्या भिंतीलगतच आजीची खाट होती. ओलीमुळे तिचा दमा बळावे आणि कित्येक रात्री तिला उशाशी टेकून बसून काढाव्या लागत.

एका वर्षी दसरा झाल्यावर वडिलांनी ती भिंत पाडून नवी बांधण्याचा विचार केला. साठवलेले पैसे एकदाच पुरतील एवढे होते. काम चुकले असते, तर ते पुन्हा करणे शक्य नव्हते.

नातवाचे मामा इंग्लंडमध्ये नोकरीस होते. त्यांनी दूरध्वनीवरून सल्ला दिला, "दाजी, इकडे घरांच्या बाहेरच्या भिंती दुहेरी असतात. दोन भिंतींच्या मधल्या पोकळीत लोकर भरतात. आमचे घर त्यामुळे कसे छान राहते! तुम्हीही तसेच करा."

वडिलांना ही सूचना पटण्यासारखी वाटली. भिंत दुहेरी झाली आणि मधली जागाही भरून निघाली, म्हणजे पाण्याला वाट उरणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. आजी मात्र गप्प राहिली. थोड्या वेळाने ती एवढेच म्हणाली, "पाण्याला विचारल्याशिवाय भिंत बांधू नये."

आजीचे हे बोलणे नातवाच्या मनात घोळत राहिले. दुसऱ्या दिवशी शाळेत त्याने विज्ञानाच्या गुरुजींना विचारले, "गुरुजी, पाण्याला कसे विचारायचे?"

गुरुजी हसले. ते म्हणाले, "आजींनी योग्य तेच सांगितले. आपण पाण्याला विचारू. शनिवारी चार कोरड्या विटा घेऊन ये."

शनिवारी वर्गात सारी मुले गोळा झाली. गुरुजींनी प्रथम एक वीट तराजूत घातली. तिचे वजन 3 किलो भरले. मग ती पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवली. सोमवारी तीच वीट बाहेर काढून पुसून तोलली, तेव्हा वजन 3 किलो 450 ग्रॅम झाले होते.

"दगडासारखी दिसणारी ही वीट जवळजवळ अर्धा लिटर पाणी प्यायली," गुरुजी म्हणाले. "साधी चांगली वीट 24 तास पाण्यात ठेवली, तर तिने आपल्या वजनाच्या शेकडा 20 हून अधिक पाणी शोषू नये, असा भारतीय मानकाचा दंडक आहे. म्हणजे वीट पाणी पिणारच, हे त्या दंडकानेही गृहीत धरले आहे. विटेत डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात. दिव्याच्या वातीत तेल चढते, तसे पाणी त्या छिद्रांतून पुढे सरकते. गिलाव्याला तडा गेला असला, तर पाण्याला आयतीच वाट मिळते. वारा त्याला मागून रेटतो."

शनिवारीच दुसरा प्रयोगही मांडला होता. एका परातीत दोन लाकडी पट्ट्या ठेवून त्यांवर दोन कोरड्या विटा समोरासमोर उभ्या केल्या. प्रत्येक विटेखाली वेगळी पट्टी होती आणि दोन विटांच्या मध्ये दोन बोटांचे अंतर होते. बाहेरच्या विटेवर मुलांनी पाळीपाळीने झारीने पाणी शिंपडले. दीड तासात ती वीट आरपार भिजली. तिच्या आतल्या अंगावर थेंब जमले. ते ओघळून खाली परातीत पडले. आतली वीट मात्र कोरडीच राहिली.

"पाणी इकडे का आले नाही?" गुरुजींनी विचारले.

"मध्ये काही नव्हते म्हणून," एक मुलगी म्हणाली.

"बरोबर. पाण्याला पुढे जाण्यास पूल मिळाला नाही. म्हणून ते खाली उतरले. दुहेरी भिंतीचे मर्म हेच आहे. बाहेरची भिंत भिजणार, हे मान्य करायचे. पण त्या पाण्याला पोकळीत खाली उतरू द्यायचे आणि तळाशी ठेवलेल्या लहान छिद्रांतून बाहेर काढून द्यायचे. पोकळी रिकामी दिसली, तरी ती आपले काम करीत असते."

मग गुरुजींनी दोन्ही विटांच्या मध्ये कापूस दाटून भरला आणि पाणी शिंपडणे पुन्हा सुरू करण्यास सांगितले. शाळा सुटण्याच्या सुमारास आतल्या विटेवर एक गडद डाग दिसू लागला. मुलांनी हात लावून पाहिला. वीट ओलसर झाली होती.

"आणखी एक गंमत पाहा," असे म्हणून गुरुजींनी कापूस काढला. आतल्या विटेच्या जागी त्यांनी चौथी, कोरडी वीट ठेवली आणि मधल्या अंतरात चुना-रेतीच्या वाळलेल्या गिलाव्याचा एक खडा अडकवला. दुसऱ्या दिवशी रविवार असूनही शेजारची चारपाच मुले येऊन पाणी शिंपडून गेली. जेथे खडा टेकला होता, तेवढ्याच जागी आतली वीट ओली झाली होती. बांधताना गवंड्याच्या थापीतून मसाल्याचा गोळा पोकळीत पडला आणि कोठे अडकून राहिला, तर तोही पाण्याचा पूल होतो, हे मुलांना न सांगता कळले.

नातवाला मात्र एक शंका होती. तो म्हणाला, "गुरुजी, मग इंग्लंडमधील लोक चुकले काय? त्यांनी पोकळी का भरली?"

"चुकले असे एकदम म्हणू नये," गुरुजी म्हणाले. "त्यांची गरज कोणती होती, ते आधी पाहावे. त्या देशात वाऱ्यापावसाचा मारा सोसणाऱ्या भागांत दुहेरी भिंत उपयोगी पडू लागली आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती सर्वत्र रूढ झाली. दोन भिंतींमध्ये सुमारे 5 सेंटिमीटर अंतर असे. धातूच्या पट्ट्यांनी त्या एकमेकींना बांधलेल्या असत. आणि पट्टीवरून पाणी पलीकडे जाऊ नये, म्हणून तिला मधोमध पीळ दिलेला किंवा पाणी टपकेल असा बाक ठेवलेला असे. पुढे जळण महाग झाले. थंडीत घर गरम ठेवण्यास फार खर्च येऊ लागला. तेव्हा, विशेषतः 1970 नंतर, लोकांनी जुन्या घरांच्या पोकळ्या भरण्यास प्रारंभ केला. दगड वितळवून काढलेल्या तंतूंची लोकर, फेस, नाहीतर हलके मणी भिंतीला छिद्रे पाडून आत सोडतात. त्यामुळे ऊब बाहेर जात नाही आणि जळण वाचते."

"लोकर भिजत नाही का?"

"ती आपल्या कापसासारखी पाणी शोषणारी नसते. पाणी झटकून टाकील, असा लेप तिला दिलेला असतो. म्हणून आडोशाच्या जागी, भिंत धड असताना आणि भरणी नीट झालेली असताना पोकळी भरल्याने बहुधा त्रास होत नाही. पण बाहेरच्या भिंतीला तडे असले, विटांच्या दर्जा उघड्या पडल्या असल्या, भरणीत कोठे फटी राहिल्या किंवा जागाच झडीची असली, तर पाणी त्या भरणीतून वाट काढते. तेथील वाऱ्यापावसाच्या भागांत अशा कित्येक घरांत ओल आली आणि घातलेली भरणी पुन्हा उपसून काढावी लागली. म्हणून आता तेथेही पोकळी भरण्यापूर्वी भिंत तपासतात आणि जागा किती झडीची आहे, ते पाहतात. त्यासाठी त्यांनी देशाचे चार वर्ग पाडले आहेत: आडोशाचा, मध्यम झडीचा, कडक झडीचा आणि अतिशय कडक झडीचा."

"आपले ट्रॉम्बे कोणत्या वर्गात येईल?" मुलांनी विचारले.

गुरुजींनी फळ्यावर एक गणित मांडले. झडीचा जोर अजमावण्याची ब्रिटनमध्ये एक जुनी, सोपी रीत होती. वर्षाचा पाऊस मीटरमध्ये घ्यावा आणि वाऱ्याचा सरासरी वेग दर सेकंदास किती मीटर, ते पाहून दोहोंचा गुणाकार करावा. उत्तर 3 हून कमी आले, तर जागा आडोशाची. 3 ते 7 आले, तर मध्यम. 7 हून अधिक आले, तर कडक झडीची. लंडनमध्ये वर्षाला सुमारे 0.6 मीटर पाऊस पडतो. वाऱ्याचा वेग 3 धरला, तर उत्तर 1.8 येते. मुंबईच्या उपनगरांतील पाऊस 2.4 मीटर. वाऱ्याचा वेग तेवढाच धरला, तरी उत्तर 7.2 येते!

"शिवाय आपला पाऊस बारा महिन्यांत वाटलेला नसतो," गुरुजी म्हणाले. "तो चार महिन्यांत येतो आणि भिंतीला वाळण्यास उसंत देत नाही. अर्थात एकाच गावातील सगळी घरे सारखी नसतात. डोंगराच्या आड असलेल्या घराला आडोसा मिळतो. मोकळ्या वाऱ्यात उभ्या असलेल्या घराला मिळत नाही. म्हणून गावाचे नाव पाहून निर्णय करू नये. घर पाहावे, त्यातही भिंतीचे तोंड कोणत्या दिशेला आहे, ते पाहावे."

पुढच्या रविवारी गुरुजी स्वतः त्या घरी आले. आजीने त्यांना पाट दिला. वडिलांनी भिंत दाखवली. गुरुजींनी बाहेरून ती बारकाईने पाहिली. काँक्रीटची तुळई आणि विटांचे बांधकाम जेथे मिळते, तेथे एक लांब आडवी चीर गेली होती. खिडकीवरचा छज्जा वीतभरच होता आणि त्याच्या खालच्या अंगावरून पाणी ओघळत भिंतीवर येत असल्याच्या खुणा होत्या.

"आपल्याला ऊब हवी आहे काय?" गुरुजींनी वडिलांना विचारले. "मुंबईत थंडीची नोंद पाहिली, तर 22 जानेवारी 1962 रोजी सांताक्रूझला पारा 7.4 अंशांपर्यंत उतरला होता. ती मोठी अपूर्व थंडी समजली जाते. एरवी आपला त्रास उकाड्याचा. आणि या घरात उकाडा येतो कोठून? मुख्यतः तापलेल्या छपरातून. तेव्हा उष्णता अडवण्याचा थर घालायचाच असेल, तर तो प्रथम छपराखाली घालावा. भिंतीला सावली द्यावी, वारा खेळता ठेवावा. भिंतीत भरलेली लोकर ओली झाली, तर ती उष्णताही नीट अडवीत नाही. भिजलेल्या गोधडीने कधी ऊब येते काय?"

इतका वेळ ऐकत बसलेली आजी आता बोलू लागली. "गुरुजी, माझ्या माहेरी कोकणात मातीच्या भिंती होत्या. पण घराला रुंद पडवी असे, जोते उंच असे आणि पागोळ्या भिंतीपासून लांब पडत. मिरगाच्या आधी माझे वडील माडाच्या झावळ्यांचे झाप विणून घेत आणि वाऱ्याच्या अंगाला बांबूंवर बांधीत. झाप भिंतीला कधी चिकटू देत नसत. मध्ये हातभर जागा सोडीत. सगळी झड झापांवर बसे. मधून वारा जाई. दिवाळीपूर्वी झाप सोडले, की भिंतीला ऊन लागे."

"आजी, त्या हातभर जागेत कोणी पेंढा भरीत असे काय?" नातवाने विचारले.

"छे रे बाळ! पेंढा कुजला असता आणि भिंतही खचली असती. ती जागा वाऱ्याची."

गुरुजी वडिलांकडे वळून म्हणाले, "ऐकलेत? इंग्लंडच्या गवंड्यांनी दोन भिंतींच्या मध्ये जी पोकळी ठेवली, तीच आजींच्या वडिलांनी झाप आणि भिंत यांच्यामध्ये ठेवली होती. दोघांनी एकमेकांचे नावही ऐकले नसेल. पण पाणी दोन्हीकडे सारखेच वागते, म्हणून युक्तीही सारखीच सुचली."

वडील विचारात पडले. मग त्यांनी भिंत पाडण्याचा बेत सोडून दिला. पावसाळा संपून भिंत चांगली वाळल्यावर, मार्गशीर्षात काम सुरू झाले. गवंड्याने आडवी चीर मोकळी करून भरून घेतली आणि त्या सांध्यावर जाळी ठोकून नवा गिलावा केला. छज्जा रुंद केला आणि त्याच्या खालच्या अंगाला कडेजवळ बोटभर खाच पाडली. त्यामुळे ओघळणारे पाणी भिंतीपर्यंत न येता खाचेपाशीच टपकू लागले. शेवटी नैर्ऋत्येच्या भिंतीबाहेर उभ्या पट्ट्या ठोकून त्यांवर पन्हाळी पत्रे बसवले. पत्रे आणि भिंत यांच्यामध्ये चार बोटांची जागा ठेवली. ती खालून आणि वरून उघडी होती. मात्र पावसाचे पाणी वरून आत जाऊ नये, म्हणून छपराची कड पुढे आणली होती. उंदीर-घुशी शिरू नयेत, म्हणून तळाशी जाळी लावली. उरलेल्या पैशांतून छपराखाली उष्णता अडवणारा थर घातला.

ज्येष्ठात पाऊस आला. आषाढात झड सुरू झाली. पत्र्यांवर रात्रभर पाण्याचा ताशा वाजत राहिला. सकाळी नातू उठला आणि आजीच्या खाटेजवळ जाऊन त्याने भिंतीला तळहात लावला. भिंत गार होती, पण कोरडी होती. बाहेर जाऊन त्याने पत्र्यांच्या तळाशी वाकून पाहिले. दोन ठिकाणी पत्र्याच्या सांध्यातून आत शिरलेले पाणी थेंबाथेंबाने जाळीतून खाली पडत होते. भिंतीपर्यंत ते पोहोचलेच नव्हते.

त्या पावसाळ्यात आजीचा दमा पूर्णपणे गेला नाही. परंतु आडवे होऊन झोप लागावी, इतपत तिला आराम मिळाला.

नाताळात मामा आले. त्यांनी सारे काम हिंडून पाहिले, हकीकत ऐकली आणि क्षणभर विचार करून ते म्हणाले, "आमच्या घराची एक भिंत थेट पश्चिमेच्या वाऱ्यात आहे. परत गेलो, की तिच्या दर्जा प्रथम तपासून घेतो."

आजी नातवाकडे पाहून हसली. देश तसा वेष, ही म्हण माणसाप्रमाणे घरालाही लागू आहे. दूरची चांगली गोष्ट घ्यावी. पण ती तेथे कोणत्या गरजेपोटी आली, हे आधी समजून घ्यावे. आणि जी जागा रिकामी दिसते, ती भरून टाकण्यापूर्वी तिचे काम कोणते, हे विचारावे.

शब्दार्थ

झड – वाऱ्याबरोबर येणारा तिरपा पाऊस. लोणा – भिंतीवर फुटणारा पांढरा क्षार. गिलावा – भिंतीवर दिलेला चुन्याचा किंवा सिमेंटचा लेप. दर्जा – विटांमधील सांधे. जोते – घराचा जमिनीवर उचललेला पाया. पागोळ्या – छपराच्या कडेवरून गळणाऱ्या पाण्याच्या धारा. झाप – झावळ्या विणून केलेला आडोसा. मिरग – मृग नक्षत्र. दंडक – नियम.

अभ्यास

1. वडिलांना मामांची सूचना प्रथम का पटली? त्यांच्या हिशेबात कोणती चूक होती?

2. विटांच्या प्रयोगात कापूस भरण्यापूर्वी आणि भरल्यानंतर काय दिसले, ते आपल्या शब्दांत लिहा. लोकर आणि कापूस यांत गुरुजींनी कोणता फरक सांगितला?

3. पुढील वाक्यांचा अर्थ स्पष्ट करा:
(अ) पाण्याला विचारल्याशिवाय भिंत बांधू नये.
(आ) ती जागा वाऱ्याची.

4. एका गावी वर्षाला 1.2 मीटर पाऊस पडतो आणि वाऱ्याचा सरासरी वेग दर सेकंदास 4 मीटर आहे. पाठातील रीतीने हे गाव कोणत्या वर्गात येईल, ते काढा.

5. 'ओल', 'तोंड' आणि 'वाट' हे शब्द पाठात कोणत्या अर्थांनी आले आहेत? प्रत्येकाचा निराळ्या अर्थाने वाक्यात उपयोग करा.

6. पावसाळ्यात आपल्या घराची कोणती भिंत अधिक भिजते, ते पाहा. तिचे तोंड कोणत्या दिशेला आहे, तिच्यावर छज्जा किंवा पागोळ्यांचा आडोसा आहे काय, कोठे चिरा आहेत काय, याची नोंद करून दहा ओळी लिहा.